गर्भाशयाची शस्त्रक्रिया : वरून, खालून की दुर्बिणीने?



गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेस वैद्यकशास्त्रात 'हिस्टेरेक्टॉमी' असे म्हणतात. तथापि गोंदिया शहरापासून देवरी-सालेकशाच्या जंगलपट्टीपर्यंत घरोघरी तिचे नाव एकच आहे, 'पिशवी काढणे'. हा शब्द सोपा आहे आणि त्याच्या सोपेपणातच धोका दडलेला आहे. पिशवी म्हटली की रिकामी झाल्यावर ती ठेवायची कशाला, असा प्रश्न आपोआप मनात उभा राहतो. दोन मुले झाली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही झाली. आता दर महिन्याचा त्रास, सणवारी होणारी अडचण, शिवाशिव आणि कामाचा खोळंबा यांपासून एकदाचे सुटावे, असे स्त्रीलाही वाटते आणि तिच्या घरच्यांनाही वाटते. अशा वेळी डॉक्टरांसमोर बसलेली स्त्री बहुधा 'काढायची का?' असे विचारीत नाही. 'वरून काढणार की खालून?' आणि 'खर्च किती येईल?' एवढेच ती विचारते. हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे येतीलच. परंतु ते पहिले प्रश्न नव्हेत.

निरोगी स्त्रीचे गर्भाशय सुमारे साडेसात सेंटिमीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड असते. आकाराने उलट्या ठेवलेल्या पेरूसारखे. एवढासा हा स्नायुमय अवयव कटीच्या पोकळीत सुटा लोंबत नसतो. दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या बंधांनी तो कमरेच्या हाडांच्या चौकटीस बांधलेला असतो. समोर मूत्राशय, मागे मलाशय आणि दोन्ही कुशींत बीजांडकोश अशी त्याची शेजारसंगत आहे. ही रचना ज्याने समजून घेतली, त्यास ही शस्त्रक्रिया पिशवी उचलून बाहेर ठेवण्याइतकी सोपी नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

ती आवश्यक कधी असते? गर्भाशयाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग असेल तर योग्य टप्प्यावर ही शस्त्रक्रिया प्राण वाचवते. प्रसूतीनंतर रक्तस्राव कोणत्याही उपायाने थांबत नसेल, तर मध्यरात्रीही तीच करावी लागते आणि तिथे विलंबास क्षमा नाही. मोठ्या फायब्रॉइडच्या गाठी, औषधांना दाद न देणारा अतिरिक्त रक्तस्राव, पूर्णपणे बाहेर आलेले अंग, ही सारी खरी कारणे होत. अशा स्त्रीने भीतीपोटी शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे टाळून रक्त घालवीत राहणे हेही तितकेच अहितकारक होय.

परंतु अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, ओटीपोट जड वाटते, एवढ्यावरून गर्भाशय काढण्याचे कारण होत नाही. पांढरे जाणे हे पुष्कळदा जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि ते औषधाने बरे होते. गर्भाशयमुखावर लालसर भाग दिसला की 'आत जखम आहे, पुढे कॅन्सर होईल' असे सांगितले जाते. हा लालसर भाग अनेक स्त्रियांत निसर्गतःच असतो. तो कर्करोग नव्हे, आणि त्याचे रूपांतर कर्करोगात होतेच असेही नाही. शंका असल्यास गर्भाशयमुखाची तपासणी करावी, आवश्यक वाटल्यास तुकडा तपासून घ्यावा. तपासणीवाचून केलेले भाकीत हे निदान नव्हे.

अतिरिक्त रक्तस्रावाच्या बाबतीतही शस्त्रक्रिया ही शेवटची पायरी आहे. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचे आणि अनेक वर्षे काम करणारे संप्रेरकयुक्त साधन, गर्भाशयाचे आतले अस्तर उष्णतेने नाहीसे करण्याची पद्धत, केवळ गाठ काढून गर्भाशय राखण्याची शस्त्रक्रिया, असे कितीतरी उपाय तिच्या अलीकडे आहेत. मात्र चाळिशीनंतरच्या अनियमित रक्तस्रावात औषध सुरू करण्यापूर्वी सोनोग्राफी आणि गरजेनुसार अस्तराची तपासणी करून कर्करोग नाही याची खात्री करून घ्यावी लागते.

आता मार्गांविषयी. या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास, आश्चर्य वाटेल, पण 'खालून' सुरू होतो. जर्मनीतील गटिंगेन येथे कॉनराड लांगेनबेक यांनी १८१३ मध्ये योनिमार्गे गर्भाशय काढले. त्या काळी भूल नव्हती आणि निर्जंतुकीकरणाची कल्पनाही नव्हती. रुग्ण स्त्री वाचली; परंतु त्यांच्या समव्यवसायिकांनी या गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. पुढे सव्वीस वर्षांनी ती स्त्री मरण पावली आणि शवविच्छेदनात गर्भाशय नसल्याचे दिसले, तेव्हा कुठे शंका फिटली. पोटाचा मार्ग तर योगायोगाने उघडला. १८५३ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर बर्नहॅम हे बीजांडकोशाची गाठ समजून शस्त्रक्रिया करीत असताना रुग्णास उलटीची उबळ आली आणि गर्भाशयाची मोठी गाठ छेदातून बाहेर आली. ती पुन्हा आत जाईना, म्हणून त्यांना गर्भाशय काढावे लागले. ती स्त्री जगली. दुर्बिणीचा मार्ग त्यामानाने कालचा आहे. अमेरिकेतील हॅरी राइक यांनी १९८८ मध्ये तो प्रथम अवलंबिला.

पोटावरून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत ओटीपोटावर आडवा, क्वचित उभा, छेद घेतला जातो. सर्जनास सारे काही डोळ्यांनी दिसते आणि हातांनी चाचपता येते, हा या मार्गाचा मोठा गुण. गर्भाशय फार मोठे झालेले असेल, पूर्वीच्या शस्त्रक्रियांमुळे आतडी चिकटलेली असतील किंवा कर्करोगाची शंका असेल, तर हाच मार्ग योग्य ठरतो. त्याची किंमत मात्र रुग्णास मोजावी लागते. वेदना अधिक, रुग्णालयातील मुक्काम अधिक, जखम पिकण्याची शक्यता अधिक, आणि पुढे सहा ते आठ आठवडे जड काम वर्ज्य.

खालून, म्हणजे योनिमार्गे केलेल्या शस्त्रक्रियेत पोटावर छेदच नसतो. बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात. रुग्ण दुसऱ्या दिवशी चालू-फिरू लागते. हा मार्ग फक्त अंग बाहेर आलेल्या स्त्रियांसाठीच आहे, अशी समजूत पुष्कळ काळ वैद्यकवर्तुळातही होती. अंग बाहेर आलेले नसतानाही गर्भाशय खालून सुरक्षितपणे काढता येते, हे ज्यांनी जगास पटवून दिले, त्यांत मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ते २००० ते २००३ या काळात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या जागतिक महासंघाचे अध्यक्ष होते. महाराष्ट्राला या गोष्टीचा अभिमान वाटावा आणि त्याचबरोबर थोडी खंतही वाटावी. कारण हाताच्या कौशल्यावर उभी असलेली आणि महागडे यंत्र न लागणारी ही पद्धत नव्या पिढीच्या सर्जनांत मागे पडत चालली आहे. तुलनात्मक चाचण्यांचे परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये ४७ चाचण्यांतील पाच हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून जो निष्कर्ष काढला, तोही हाच होता : शक्य असेल तिथे योनिमार्ग हा प्रथम पसंतीचा असावा.

वृत्तपत्रांत आणि भिंतींवर 'बिनटाक्याची शस्त्रक्रिया' अशी जाहिरात दिसते, तिचा अर्थही येथे सांगितलेला बरा. टाके असतात, चांगले भरपूर असतात. ते बाहेरून दिसत नाहीत एवढेच. म्हणून 'बिनटाक्याची झाली' म्हणून आठव्या दिवशी पाण्याची भरलेली घागर उचलणाऱ्या स्त्रीच्या आतल्या टाक्यांवर ताण यायचा तो येतोच.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरून, अर्धा ते एक सेंटिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारे आत घातली जातात. सर्जन पडद्यावर पाहून काम करतो. गर्भाशय सुटे झाल्यावर बहुधा योनिमार्गेच बाहेर काढतात. यासाठी पूर्ण भूल लागते, यंत्रसामग्री लागते आणि सरावलेला चमू लागतो. चिकटलेल्या आतड्यांत किंवा बीजांडकोशाच्या गाठींत खालून दिसत नाही ते दुर्बिणीने दिसते. पोट उघडण्याची वेळ टळते आणि बाई लवकर घरी जाते. यंत्रमानवाच्या हातांनी केली जाणारी शस्त्रक्रिया ही याच पद्धतीची खर्चिक आवृत्ती होय. साध्या आजारासाठी तिने रुग्णाचा मोठा लाभ होतो असे दिसून आलेले नाही.

नवे ते नेहमीच अधिक हितकर असते या समजुतीस २०१८ मध्ये एक मोठा धक्का बसला. गर्भाशयमुखाच्या प्रारंभिक कर्करोगात व्यापक शस्त्रक्रिया पोट उघडून करावी की दुर्बिणीने, याची तुलना अनेक देशांतील रुग्णालयांत करण्यात आली. दुर्बिणीच्या गटात रोग परत येण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. तेव्हापासून या विशिष्ट आजारात जुना, पोटावरचा मार्ग पुन्हा प्रमाण मानला जाऊ लागला.

मार्ग कोणताही असो, एक शेजारी सर्व सर्जनांस जपावा लागतो. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीखालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर अंतरावरून जाते. पुलाखालून पाणी, अशी तिची खूण वैद्यकीय विद्यार्थ्यांस शिकवतात. रक्तवाहिनी बांधताना ही नळी सापडली, तर पुढे मूत्रपिंडावर परिणाम होतो किंवा लघवी सतत गळू लागते. ही इजा क्वचित होते. पण शस्त्रक्रियेनंतर कुशीत तीव्र दुखणे, ताप किंवा लघवीची गळती सुरू झाली, तर 'पिशवी काढल्यावर असे होतच असते' म्हणून घरी बसून राहू नये.

मार्गाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे गर्भाशयासोबत आणखी काय काढले जाणार आहे? कधी गर्भाशयमुख राखतात, कधी तेही काढतात. राखले असेल तर त्याची कर्करोगासाठी तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. ही गोष्ट बहुतेक स्त्रियांस ठाऊकच नसते. बीजांडकोशांचा प्रश्न याहून गंभीर आहे. 'आत आहोतच तर तेही काढून टाकू' असे म्हणणे सोपे. परंतु तिशी-चाळिशीत दोन्ही बीजांडकोश काढले की त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. अंगाची आग, निद्रानाश आणि उदासी तर येतेच. पुढे हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराची शक्यता वाढते. बीजांडकोश राखले तरी त्यांचे कार्य काही वर्षे अगोदर मंदावू शकते. पस्तिशीतील स्त्रीने हे जाणून संमती देणे वेगळे, आणि दोन वर्षांनी हाडे दुखू लागल्यावर कुणाकडून तरी ऐकणे वेगळे.

अंग बाहेर येण्याच्या तक्रारीविषयी या जिल्ह्यात अधिक बोलले पाहिजे. हा धानाचा मुलूख आहे. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत स्त्रिया चिखलात तासन्‌तास वाकून रोवणी करतात; उन्हाळ्यात तेंदूपत्ता, इतर वेळी सरपणाची मोळी आणि पाणी. बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न मिळता हे काम सुरू झाले की आधीच सैल झालेले बंध आणखी सैल होतात. लाजेपायी वर्षानुवर्षे ही तक्रार घरातही सांगितली जात नाही. आरंभीच्या अवस्थेत कटीच्या स्नायूंचा व्यायाम आणि आधार देणारी कडी यांनी पुष्कळ आराम पडतो. तरुण स्त्रीत गर्भाशय राखून ते वर बांधण्याच्या शस्त्रक्रियाही आहेत. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. विठ्ठल शिरोडकर यांनी मुंबईत विकसित केलेली शस्त्रक्रिया त्यांच्या नावाने ओळखली जाते. गर्भाशय काढल्यानेच अंग बाहेर येण्याचा रोग जातो असे नाही. बंधांची डागडुजी नीट झाली नाही, तर योनीचा वरचा भाग पुढे पुन्हा खाली उतरतो.

निर्णय चुकीच्या कारणाने घेतले गेले तर काय होते, याचे उदाहरण याच राज्यात घडले. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढण्याचे प्रमाण विलक्षण असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या. तीन वर्षांत त्या जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले, आणि चौकशीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या सर्वच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या किंवा सर्वच स्त्रिया ऊसतोड कामगार होत्या, असे म्हणता येणार नाही. परंतु पडद्यामागचे अर्थशास्त्र स्पष्ट होते. पती-पत्नी मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल. एक दिवस काम बुडाले की खाडा. उसाच्या फडात ना शौचालय, ना पाळीच्या दिवसांत विश्रांती. संसर्ग होणार, दुखणार, आणि कुणीतरी म्हणणार, पिशवीच काढून टाक. तिथे गर्भाशयाला रोग झालेला नव्हता, रोग कामाच्या व्यवस्थेला होता. शस्त्रक्रिया मात्र गर्भाशयाची झाली.

गोंदियाच्या वेशीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्येही २०१२ साली आरोग्य विम्याच्या पैशासाठी अनावश्यक गर्भाशये काढल्याचे प्रकरण गाजले होते. छत्तीसगड, बिहार आणि राजस्थान येथील अशा घटनांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी जनहित याचिका केली. तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय देऊन, केंद्र शासनाने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्यांत जिल्हा पातळीवर देखरेख समित्या असाव्यात आणि विशेषतः चाळीस वर्षांखालील स्त्रियांच्या शस्त्रक्रियांची कारणांसह नोंद व्हावी, असे अपेक्षित आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ३.३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. निम्म्याहून अधिक स्त्रियांनी कारण सांगितले, ते पाळीतील अतिरक्तस्राव किंवा वेदना हे होय. आणि ज्यावर औषधोपचाराचे सर्वाधिक पर्याय उपलब्ध आहेत, ते कारण नेमके हेच आहे.

गोंदियात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे. २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून तज्ज्ञांचे दुसरे मत घेण्यासाठी प्रत्येक वेळी नागपूरची गाडी धरावी लागत नाही. पहिल्या डॉक्टरांचा अपमान होईल म्हणून दुसरे मत न घेणे ही आपल्याकडची जुनी संकोचवृत्ती आहे. सुज्ञ डॉक्टरांस यात अपमान वाटत नाही. याच ओघात धर्मादाय संस्थांच्या आरोग्य शिबिरांविषयीही एक गोष्ट नमूद करावीशी आहे. शिबिरात तपासणी अवश्य व्हावी. गर्भाशय काढण्याचा निर्णय मात्र शिबिराच्या मंडपात, पाच मिनिटांत, रांगेतल्या पुढच्या बाईला आत बोलावीत होऊ नये.

पूर्व विदर्भातील स्त्रीच्या बाबतीत शस्त्रक्रियेपूर्वी आणखी एक तपासणी टाळता येत नाही, ती सिकलसेलची. या भागात हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. सिकलसेलची वाहक असलेली स्त्री बहुधा निर्धोकपणे शस्त्रक्रिया सोसते. परंतु प्रत्यक्ष आजार असलेल्या स्त्रीस भूल, थंडी, शरीरातील पाण्याची किंवा प्राणवायूची कमतरता यांतून तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. तो टाळण्यासाठी रक्ताची तयारी, सलाईन, ऊब आणि प्राणवायू यांची आधीच योजना करावी लागते. अशा रुग्णास केवळ रक्त कमी दिसते म्हणून लोहाची इंजेक्शने देत राहणेही योग्य नव्हे. आधी कारण पाहावे लागते. इतर स्त्रियांत मात्र महिनोन्‌महिने जाणाऱ्या रक्ताने लोह खरोखरच संपलेले असते. तातडी नसेल तर औषधाने रक्तस्राव थांबवून, लोह देऊन, काही आठवड्यांत हिमोग्लोबिन वाढवून मग शस्त्रक्रिया करणे हा शहाणपणाचा मार्ग होय. कित्येकदा या आठवड्यांतच औषध लागू पडते आणि शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही.

धान विकून हाती पैसा आला की शस्त्रक्रियेची तारीख ठरते, हा येथील रिवाज आहे आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्यानंतरचे दीड-दोन महिने घरातील कोण पाणी भरणार, मोळी कोण आणणार, हेही तारखेसोबतच ठरावे. तो भार पती, मुलगा, सासू, जाऊ यांच्यापैकी कुणीतरी उचलला तरच डॉक्टरांचा 'जड उचलू नका' हा सल्ला कागदावरून घरात उतरतो. वैवाहिक संबंधही टाके भरून येईपर्यंत, साधारण सहा आठवडे, वर्ज्य असतात. हे डॉक्टरांनी पतीला समोर बसवून सांगावे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, ताजे रक्त जाणे किंवा पायावर एका बाजूस सूज येणे यांपैकी काही झाले तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.

रुग्णालयातून घरी जाताना मिळणारे कार्ड बहुतेक घरांत औषधे संपली की हरवते. ते जपून ठेवावे, आणि त्यावर तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत की नाहीत हे वाचता येणाऱ्या मुलामुलीकडून पाहून घ्यावे : गर्भाशयमुख काढले की राखले, बीजांडकोश काढले की राखले, आणि काढलेला भाग प्रयोगशाळेत तपासणीस पाठविला की नाही. हा अहवाल साधारणतः आठ-दहा दिवसांनी येतो. टाके दाखवायला जाताना तो मागून घ्यावा आणि त्याच कार्डाला जोडून ठेवावा.